सूप आणि ठेव



मागच्या महिन्यात मंचरहून जुन्नरला नातेवाइकांकडे गेले होते. तिथे बांबू, गवत, सुकी पानं आणि बिया यांपासून केलेल्या कलाकृतींचं छोटं प्रदर्शन पाहिलं. कामट्यांनी विणलेला एक दिवा बाराशे रुपयांना होता आणि लोक भाव न करता घेत होते. मला माझीच लाज वाटली. आठवड्यापूर्वी बाजारात बुरुडीण बाईंकडून सूप घेताना मी दहा रुपयांसाठी घासाघीस केली होती. विणकाम तर दोन्हींचं तेच.

दुसऱ्या दिवशी मानमोडीच्या डोंगरावरची लेणी पाहिली. मुळात ती बौद्धांची. पण नंतर तिथे आपल्या अंबिकादेवीची मूर्ती आली, म्हणून एका गटाला अंबिका लेणी म्हणतात. घरी येऊन जुन्नरच्या शिलालेखांबद्दल वाचलं. सुमारे १८०० वर्षांपूर्वी इथे 'वासकार' म्हणजे बांबूकाम करणारे आणि 'कासाकार' म्हणजे कासार यांच्या श्रेणींकडे दानाचे पैसे गुंतवल्याची नोंद आहे. श्रेणी म्हणजे एकाच धंद्यातल्या लोकांचा संघ. कासार तर आपल्या समाजातही आहेत!

मी कॉमर्सची, त्यामुळे ठेव म्हटलं की व्याज आठवतंच. जुन्नरच्या लेखात सगळा हिशोब सांगितलेला नाही, पण त्याच काळातल्या नाशिकच्या पांडवलेण्यांत तो आहे. उषवदाताने विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले. वर्षाला २४० झाले. त्यातून २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजच वापरायचं. याला 'अक्षयनीवी' म्हणत. आपल्या मंदिरांची ध्रुवफंडाची ठेव असते, तशीच.

म्हणजे बँका नव्हत्या तेव्हा लोक धर्माचा पैसा विश्वासाने हाताने काम करणाऱ्यांकडे ठेवत. त्यात बांबू विणणारेही होते. आणि आपण? ज्या सुपात धान्य पाखडून, निवडून जीव वाचवण्याची जयणा पाळतो, ते विणणाऱ्या बाईला दहा रुपये कमी करायला लावतो.

परवा टोपली घ्यायला गेले. बाईंनी ऐंशी सांगितले, मी ऐंशी दिले.

त्या हसून म्हणाल्या, "काकू, आज भाव नाही केला?"

काय सांगणार! म्हटलं, "मागचे दहा राहिलेत, तेही घ्या."