शपथ, शिक्षा आणि सूट

१८९८ साली मंजूर झालेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ३२० क्रमांकाचे एक कलम होते. आज ते कोणाच्या स्मरणात असण्याचे कारण नाही. ज्यूरीवर बसण्याच्या सक्तीतून कोणाकोणाला सूट आहे, त्यांची यादी या कलमात दिलेली होती. पगारी न्यायाधीश, पोलीस अधिकारी, सैन्यातील माणसे, टपाल व तार खात्याचे नोकर, उघडपणे व नियमित वैद्यकी करणारे डॉक्टर अशी ती यादी पुढे सरकते आणि त्याच पंगतीत ‘आपापल्या धर्माचे पौरोहित्य प्रत्यक्ष करीत असलेले’ धर्मगुरूही बसलेले दिसतात. बाकी २१ ते ६० वर्षे वयाच्या कोणाही पुरुषाला बोलावणे येऊ शकत असे. स्त्रियांचा विचारच नव्हता. सेशन्स कोर्टाचे समन्स हाती पडूनही सबळ कारणावाचून जो गैरहजर राहील, त्याला शंभर रुपयांपर्यंत दंड होई. त्या काळचे शंभर रुपये म्हणजे किती, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

डॉक्टरला का सोडावे, हे सहज समजते, रोगी खोळंबतात. तारमास्तरला का सोडावे, हेही समजते. पण धर्मगुरूंना कामाच्या व्यापामुळे ही सूट मिळाली, असे कोणी समजू नये. तिचे मूळ सुमारे सातशे वर्षे मागे, रोमच्या लॅटरन प्रासादात भरलेल्या एका परिषदेत सापडते. आणि गंमत अशी की, धर्मगुरूंनी न्यायदानातून अंग काढून घेतले म्हणूनच इंग्लंडातील फौजदारी ज्यूरी आजच्या रूपास आली, असे इतिहास सांगतो.

बाराव्या शतकातील इंग्लंडात खून-दरोड्याचा निवाडा कसा होत असे? राजा दुसरा हेन्री याने ११६६ साली क्लॅरेंडन येथे फर्मान काढून प्रत्येक तालुकावजा विभागातील बारा प्रतिष्ठितांनी आणि प्रत्येक गावच्या चौघांनी शपथेवर संशयितांची नावे सांगावीत, असा नियम घालून दिला. मात्र ही मंडळी फक्त बोट दाखवीत, गुन्हा सिद्ध करीत नसत. तो सिद्ध व्हायचा दिव्याने. हे दिव्य आपल्याकडेही अपरिचित नव्हते. मराठेशाहीच्या कागदपत्रांत उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढण्याच्या रवादिव्याच्या नोंदी आहेत. इंग्लंडात आरोपी तापलेले लोखंड हाती धरून नऊ फूट चाले; मग हात बांधून ठेवीत आणि तिसऱ्या दिवशी जखम पाहत. जखम चिघळली नसेल तर तो निर्दोष. पाण्याच्या दिव्यात बुडाला तो निर्दोष आणि तरंगला तो दोषी, कारण पवित्र केलेल्या पाण्याने त्याला नाकारले, असा समज होता. या साऱ्याला धर्मगुरू लागत. आरोपीने तीन दिवस उपवास करावा, मिस्सा ऐकावी, मग फादरांनी पाण्याला वा लोखंडाला आशीर्वाद द्यावा आणि निवाडा परमेश्वरावर सोपवावा, असा तो विधी होता.

पोप तिसरे इनोसंट यांनी १२१५ च्या नोव्हेंबरात चौथी लॅटरन परिषद भरविली. तिच्या अठराव्या नियमाने धर्मगुरूंना स्पष्ट मनाई केली: रक्तपाताची शिक्षा देऊ नये, ती अमलात आणू नये, तिथे हजरही राहू नये, आणि उकळत्या वा थंड पाण्याच्या किंवा तापल्या लोखंडाच्या दिव्याला आशीर्वाद देऊ नये. ज्या हातांनी ख्रिस्तशरीर उंचवायचे, ते हात कोणाच्याही रक्ताने माखू नयेत, ही त्यामागची भावना. परमेश्वराला आपल्या मर्जीनुसार चमत्कार करावयास लावणे म्हणजे त्याची परीक्षा पाहणे होय, हा आक्षेप पंडितांनी पूर्वीच घेतला होता. परिषदेने दोन्ही धागे एकत्र गुंफले.

आशीर्वादच नाही म्हटल्यावर दिव्य लटके पडले. २६ जानेवारी १२१९ रोजी, अकरा वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीच्या नावे, फिरत्या न्यायाधीशांना आज्ञापत्र धाडण्यात आले. रोमच्या धर्मसभेने मना केल्यामुळे दिव्य बंद झाले आहे, तेव्हा घोर गुन्ह्याचा संशय असलेल्यांना तूर्त तुरुंगात ठेवा, मध्यम गुन्ह्याच्या आरोपींना देशाबाहेर जाऊ द्या, किरकोळ असेल तर जामीन घ्या आणि बाकी तुमच्या विवेकाने करा, असा त्याचा आशय. सरकारला पर्याय ठाऊक नव्हता, हे उघड दिसते. न्यायाधीशांनीच मग तो शोधला. शपथेवर संशयितांची नावे सांगणारे शेजारीपाजारी होतेच; त्यांनाच विचारू लागले, हा दोषी की निर्दोष?

परमेश्वरावर टाकलेला भार असा शेतकरी, खाटीक, लोहार यांच्या शिरावर आला. धर्मगुरू रक्तापासून दूर झाले, प्रापंचिक त्यात ओढले गेले. तेराव्या शतकातील श्रद्धावान माणसाच्या दृष्टीने हे साधे ओझे नव्हते. शुभवर्तमानावर हात ठेवून शपथ घ्यायची; खोटे बोलावे तर महापातक, आणि खरे म्हणून ‘दोषी’ म्हणावे तर शेजारी फासावर जायचा. पुढे तो निर्दोष ठरला तर? न्यायाधीशाने मृत्युदंड दिला असल्यास धर्मसभेच्या कायद्यानुसार त्याला विशेष परवानगीवाचून गुरुदीक्षा घेता येत नसे. ‘सौम्यतेचा अभाव’ असे त्या अडथळ्याचे नाव होते आणि १९१७ च्या संहितेपर्यंत तो कायम होता. येल विद्यापीठाचे जेम्स व्हिटमन यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे मांडले आहे की, ‘वाजवी शंका असेल तर आरोपीला सोडा’ हे तत्त्व आरंभी आरोपीसाठी नव्हतेच, ते ज्यूरीवरील माणसाच्या आत्म्याच्या रक्षणासाठी होते. सगळ्या अभ्यासकांना हे पटलेले नाही. मला मात्र, निदान मनुष्यस्वभावाचा दाखला म्हणून, ते मोठे अर्थपूर्ण वाटते.

अशा कामातून सुटू पाहणारे पुष्कळ निघाले, यात नवल नाही. तिसऱ्या हेन्रीने ‘या गृहस्थास यावज्जीव ज्यूरीवर बसवू नये’ अशा सनदा पैसे घेऊन वाटल्या. त्या इतक्या झाल्या की, १२६७ च्या मार्लबरो कायद्यात, जिथे सनदधारकांवाचून न्यायच होऊ शकत नाही तिथे त्यांनीही शपथ घेतलीच पाहिजे, असे बजवावे लागले. १२८५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याची भाषा तर फारच रोखठोक आहे. शेरीफ आजारी आणि जराजर्जर माणसांना मुद्दाम बोलावतात, गरजेपेक्षा अधिक लोकांना समन्स धाडून मग सोडण्यासाठी पैसे उकळतात, आणि शेवटी श्रीमंत लाच देऊन घरी बसतात व न्यायाचा भार गरिबांवर पडतो, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. म्हणून चोविसांहून अधिक जणांना बोलावू नये. सत्तरी ओलांडलेले, सततचे रोगी आणि परगावी राहणारे यांना वगळावे. आणि वर्षाला वीस शिलिंगांहून कमी उत्पन्नाची जमीन असलेल्यांना त्रास देऊ नये, असे ठरले. सवलत मागण्याचा हक्क आणि सवलत विकण्याचा धंदा हे दोन्ही इतके जुने आहेत.

ज्यूरीच्या सद्सद्विवेकाची याहूनही हृदयद्रावक कथा एका आरोपीची आहे. यॉर्क शहराच्या शॅम्बल्स या खाटीकआळीत जॉन क्लिदरो नावाचा खाटीक राहत असे. त्याची पत्नी मार्गारेट १५७४ च्या सुमारास कॅथलिक झाली. पती प्रॉटेस्टंटच राहिला. १५८५ च्या कायद्याने धर्मगुरूंना आसरा देणे हा देहान्ताचा गुन्हा ठरविला होता, आणि मार्गारेटच्या घरी मिस्सा होत असे. १५८६ च्या मार्चमध्ये तिला पकडून न्यायाधीशांसमोर उभे केले. ‘दोषी की निर्दोष’ या प्रश्नाला तिने उत्तरच दिले नाही. आपण गुन्हा केलेला नाही, तेव्हा खटल्याची गरज नाही, एवढेच ती म्हणाली.

आरोपीने स्वतः होकार दिल्यावाचून त्याला ज्यूरीपुढे नेता येत नाही, असा तेव्हाचा नियम होता. जो तोंड उघडणार नाही त्याला आडवे निजवून त्याच्यावर वजने रचीत जायचे, ही त्यावरची शिक्षा. काही आरोपी ती जाणूनबुजून पत्करीत, कारण ज्यूरीने दोषी ठरविल्यास मालमत्ता जप्त होई आणि मुलाबाळांचे हाल होत. मार्गारेटपुढे तो प्रश्न नव्हता. विवाहित स्त्रीच्या नावे मालमत्ता ती कसली! तिचे कारण निराळे होते. खटला चालला असता तर तिच्या मुलांना आणि नोकरांना तिच्याविरुद्ध साक्ष द्यावी लागली असती आणि यॉर्कच्या बारा नागरिकांना तिच्या रक्ताची शपथ घ्यावी लागली असती. त्यांच्या विवेकावर आपल्या मृत्यूचे ओझे पडू नये, असे तिने सांगितल्याचे तिचे गुरू फादर जॉन मश यांनी लिहून ठेवले आहे. २५ मार्च रोजी, देवदूताने मरियामातेला निरोप दिल्याच्या सणादिवशी, ऊझ नदीच्या पुलावरील टोल-घरात तिला जमिनीवर निजविले, पाठीखाली धारदार दगड ठेवला आणि अंगावर दार टाकून त्यावर वजने रचली. हे काम शेरीफच्या माणसांच्याने होईना. त्यांनी पैसे देऊन भिकारी आणले. सुमारे पाव तासात तिने प्राण सोडला. पोप सहावे पॉल यांनी २५ ऑक्टोबर १९७० रोजी इंग्लंड व वेल्सच्या चाळीस रक्तसाक्ष्यांबरोबर तिला संतपद दिले. ज्यूरीला तिच्या कामातून सूट मिळावी म्हणून आरोपीने जीव दिला, असे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

ही पद्धत इंग्रजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरली. १८२६ च्या कायद्याने मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील सुप्रीम कोर्टांच्या ज्यूरीत एतद्देशीयांना बसता येऊ लागले. पण त्यात एक मेख होती. ग्रँड ज्यूरी संपूर्णपणे ख्रिस्ती असावी आणि आरोपी ख्रिस्ती असेल तर त्याची ज्यूरीही ख्रिस्तीच असावी. म्हणजे हिंदू वा मुसलमान आरोपीचा निवाडा ख्रिस्ती माणूस करू शकत होता, ख्रिस्ती आरोपीचा निवाडा मात्र त्यांना करता येत नव्हता. राजा राममोहन रॉय यांनी याविरुद्ध आवाज उठविला आणि १८३२ च्या कायद्याने हा भेद गेला. आपल्या धर्माच्या नावाने दिलेला तो मान आपल्या पूर्वजांनी मागितलेला नव्हता, तरी तो अन्यायाचाच होता, हे आपण मोकळेपणी म्हणावे.

पुढील काळात मुंबई हायकोर्टात नऊ जणांची ज्यूरी बसू लागली. लोकमान्य टिळकांच्या खटल्यांनी तिचे दुखणे चव्हाट्यावर आणले. १८९७ साली सहा युरोपियनांनी त्यांना दोषी ठरविले, तिघा हिंदी सभासदांनी निर्दोष. १९०८ साली सात विरुद्ध दोन. शपथ सर्वांनी एकच घेतली होती. मग १९५९ चा नानावटी खटला आला. आठ विरुद्ध एक मताने ‘निर्दोष’ असा निकाल लागला. न्यायाधीशांना तो मान्य झाला नाही, प्रकरण हायकोर्टात गेले आणि सुप्रीम कोर्टाने १९६१ साली जन्मठेप कायम केली. या एका खटल्याने ज्यूरी बुडाली, असे सर्रास म्हटले जाते, ते खरे नाही. विधी आयोगाने १९५८ च्या चौदाव्या अहवालातच ती रद्द करण्याची शिफारस केली होती. १ एप्रिल १९७४ पासून नवी फौजदारी संहिता अमलात आली आणि जुन्या ३२० व्या कलमासह आपल्या फादरांची सूटही गेली. ज्यूरीच नाही, तर सूट कशातून? आता ज्यूरी हा शब्द आपल्या कानी पडतो तो बहुधा एकांकिका स्पर्धेत.

धर्मसभेने मात्र आपली बाजू सोडलेली नाही. १९८३ च्या कॅनन कायद्याचे २८९ वे कलम सांगते की, गुरुपदाशी विसंगत अशा सार्वजनिक कामांतून देशाचा कायदा जी सूट देतो, तिचा लाभ धर्मगुरूंनी घ्यावा. धर्मगुरूने सवलत मागणे ही पळवाट नव्हे, तो त्याला घालून दिलेला नियम आहे. प्रापंचिकाला असा आधार कोणी दिलेला नाही. उलट, ऐहिक व्यवहार हेच त्याचे प्रेषितकार्याचे क्षेत्र, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटले. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत माणूस एकटा असतो, असे मला वाटते.

अमेरिकेत तर उलटाच प्रकार आहे. तिथे अनेक राज्यांत मृत्युदंड आहे आणि तो द्यावयाचा की नाही हे बहुतेक ठिकाणी ज्यूरी ठरविते. ज्या माणसाची मृत्युदंडाविषयीची मते त्याच्या कर्तव्याच्या आड येतील, त्याला अशा खटल्यातून वगळता येते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६८ आणि १९८५ च्या निकालांत ठरविले आहे. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून मृत्युदंड अग्राह्य ठरविला. तेव्हा जो कॅथलिक ही शिकवण मनापासून पाळतो आणि शपथेवर तसे सांगतो, त्याला न मागताच सूट मिळू शकते. आणि आरोपीसमोर उरतात ते ज्यांना मृत्युदंड देण्यास अडचण वाटत नाही असे बारा जण.

इंग्लंडने २००४ च्या एप्रिलपासून धर्मगुरूंना ज्यूरीतून वगळण्याचा नियम काढून टाकला. आता तिथल्या फादरांनाही समन्स येते. सूट मागायची तर त्यांनी ती इतरांप्रमाणे अर्ज करून, कारण देऊन मागावी लागते. मतदारयादीत नाव असलेल्या आणि पाच वर्षे तिथे राहिलेल्या राष्ट्रकुलातील नागरिकांनाही हे बोलावणे येऊ शकते. म्हणजे लंडनच्या इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या आपल्या एखाद्या मुलीलाही. डॉक्टर-परिचारिकांची जुनी सूट त्याच सुधारणेत गेली. तिला फार तर तारीख पुढे ढकलून मागता येते, तीही एकदाच, बारा महिन्यांच्या आतली.