खानदेशातील पाण्याचा कारभार : पंचांपासून महामंडळापर्यंत

पिंपळनेरहून धुळ्याकडे पांझरेच्या काठाने येणाऱ्या प्रवाशाला नदीच्या पात्रात ठिकठिकाणी जुने दगडी बंधारे दिसतात. त्यांची उंची फारशी नाही आणि त्यांच्यामागे मोठा जलाशयही नाही. वाहत्या नदीचे पाणी थोडे उचलून काठच्या पाटात वळवावे, एवढेच त्यांचे काम. परंतु या साध्या बांधकामांनी तीन-चारशे वर्षे शेते भिजविली, आणि तीही कोणत्याही खात्याच्या हुकुमाशिवाय. सार्वजनिक सेवा सरकारने स्वतः चालवावी, लोकांनी चालवावी, की दोहोंच्या मधल्या एखाद्या संस्थेकडे सोपवावी, हा प्रश्न आज नवा वाटतो. खानदेशात मात्र तो पाण्याच्या निमित्ताने पिढ्यान्‌पिढ्या उभा राहिला आहे, आणि त्याची तीन निरनिराळी उत्तरे या प्रांताने अनुभवली आहेत.

पहिले उत्तर फड पद्धतीचे. बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या क्षेत्राचे तीन-चार मोठे भाग पाडीत. प्रत्येक भाग म्हणजे एक फड, आणि एका फडात एका हंगामात एकच पीक. एका फडात ऊस असला, तर दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात भात, आणि पुढच्या वर्षी पिकांची अदलाबदल. प्रत्येक शेतकऱ्याची जमीन शक्यतो सर्व फडांत थोडी थोडी विभागलेली असे. या वाटणीत फार मोठा शहाणपणा होता. पाऊस कमी झाला आणि एखादा फड कोरडा ठेवण्याची पाळी आली, तर ते नुकसान एकट्यादुकट्याच्या वाट्याला न येता सर्वांमध्ये वाटले जाई. माथ्याचा शेतकरी सुखी आणि शेवटचा उपाशी, असा भेद पडण्यास तेथे जागाच अल्प होती.

हा कारभार शेतकऱ्यांनी निवडलेले पंच पाहत. त्यांच्या हाताखाली हवालदार देखरेख करी, पाटकरी पाण्याची पाळी लावी आणि जागल्या उभ्या पिकाची राखण करी. या नोकरांचा मेहनताना बहुधा धान्याच्या रूपाने, त्याच शेतातून दिला जाई. हंगामापूर्वी सर्वांनी मिळून पाटातील गाळ काढावयाचा आणि वर्षातून एकदा एकत्र बसून हिशेब पाहावयाचा, हा शिरस्ता होता. पाणी देणारा आणि पाणी घेणारा एकमेकांना नावानिशी ओळखत. पाटकऱ्याने पाळी चुकविली, तर त्याला त्याचा जाब त्याच गावात, त्याच लोकांपुढे द्यावा लागे.

तथापि या व्यवस्थेचे दोषही झाकता कामा नयेत. ज्याची जमीन फडात, त्यालाच पाण्याचा हक्क. भूमिहीन मजुराला त्या सभेत स्थान नव्हते. शिवाय बंधारा पाणी वळवू शके, साठवू शकत नसे. नदी आटली की पंचही हतबल. त्यातच एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लुटालूट व दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला आणि अनेक बंधारे मोडकळीस आले. १८१८ मध्ये हा मुलूख कंपनी सरकारकडे आला व कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळ्यास आपले ठाणे केले, तेव्हा पडलेली गावे पुन्हा वसविण्याचे कामच पुष्कळ होते.

दुसरे उत्तर सरकारी खात्याचे. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने नदीचे पाणी कालव्याकडे वळविण्याचा, पाणीपट्टी आकारण्याचा आणि कालव्यावर अधिकारी नेमण्याचा अधिकार सरकारच्या हाती एकवटला. १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात दाखल झालेले तरुण अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आरंभीच्या काळात याच भागात काम केले. पांझरेच्या परिसरात ओढ्याखालून नळाने पाणी पार नेण्याचे काम त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक होय. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी जी ब्लॉक पद्धती सुरू केली, तिच्यातील पिकांची फेरपालट व पाण्याची नेमस्त वाटणी पाहिली, म्हणजे फड पद्धतीशी तिचे साम्य सहज लक्षात येते.

त्याच १८८४ साली मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा झाला. जमीन महसुलावरील जादा पट्टीतून रस्ते, शाळा, विहिरी व दवाखाने ही बोर्डे चालवीत. लोकांचे प्रतिनिधी बैठकीत बसत, परंतु सूत्रे दीर्घकाळ कलेक्टरच्या हाती राहिली. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगावास आणि पश्चिमेचे धुळ्यास आले, आणि कारभाराची ही घडी दोन्हीकडे कायम राहिली. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या व शंभर हेक्टरपर्यंतची लहान पाटबंधाऱ्यांची कामे त्यांच्याकडे गेली. मोठी धरणे मात्र खात्याकडेच राहिली.

खात्याने जे केले ते गावाच्या पंचांना कधीच साधले नसते. १९६९ मध्ये पुरे झालेले गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात आहे, पण त्याच्या कालव्यांनी भिजणारी बरीचशी शेते जळगाव जिल्ह्यात आहेत. सुमारे साडेअठरा हजार दशलक्ष घनफूट उपयुक्त पाणी साठविणे हे एका गावाचे किंवा एका तालुक्याचे काम नव्हे. परंतु याच काळात साक्री तालुक्यात पांझरेवर लाटीपाडा येथे आणि कान नदीवर मालनगाव येथे शासनाची धरणे झाली आणि खालच्या फडांच्या कारभारात मोठा पालट झाला. नदी केव्हा वाहणार, हे पूर्वी पाऊस ठरवी. आता ते कचेरी ठरवू लागली. पाण्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती गेल्यावर पंचांच्या बैठकीला अर्थ उरेना. विहिरी व विजेचे पंप वाढले, तसे कित्येक फड मोडले. काही मात्र टिकून राहिले.

तिसरे उत्तर निमसरकारी महामंडळाचे. ही कल्पना महाराष्ट्रास सर्वस्वी अपरिचित नव्हती. मुंबईचा पोर्ट ट्रस्ट १८७३ चा आणि शहर सुधारणा ट्रस्ट १८९८ चा. अमेरिकेत टेनेसी नदीच्या खोऱ्यासाठी १९३३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरण झाले आणि त्याच्या धर्तीवर १९४८ मध्ये दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. सरकारचा अधिकार अंगी असावा, पण फायलींचा आणि वार्षिक अंदाजपत्रकाचा जाच नसावा, हा त्यामागील हेतू.

महाराष्ट्रात ही कल्पना पैशाच्या निकडीतून पाटबंधाऱ्यांकडे आली. कृष्णा लवादाच्या निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकणार होता. तत्पूर्वी वाट्याचे पाणी अडविणे अगत्याचे होते, आणि तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. म्हणून १९९६ मध्ये कृष्णा खोऱ्यासाठी महामंडळ झाले. तापीवर असा कोणताही लवाद नव्हता. तरीही तोच साचा इतर खोऱ्यांना लावण्यात आला आणि १९९७ च्या कायद्याने तापी पाटबंधारे विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्याची मुख्य कचेरी जळगावास आहे. कर्जरोखे काढून भांडवल उभारण्याचा, प्रकल्प बांधण्याचा आणि पाण्याचे दाम घेण्याचा अधिकार त्याला मिळाला.

या संस्थेचे स्वातंत्र्य कोणत्या बाजूने होते आणि कोणत्या बाजूने नव्हते, हे येथे नीट पाहिले पाहिजे. कर्ज काढण्यास ती मोकळी होती. परंतु त्या कर्जाला हमी राज्य सरकारची होती, आणि फेडीचा भार अखेर सरकारी तिजोरीवरच आला. अध्यक्षपद पाटबंधारे मंत्र्यांकडेच होते आणि अभियंते खात्यातूनच येत. म्हणजे घर तेच, माणसे तीच. अंदाजपत्रकाचा लगाम मात्र सैल झाला, आणि पाणी घेणाऱ्या शेतकऱ्याचा लगाम तर लागलाच नव्हता. खर्च करण्यापुरते स्वातंत्र्य आले. जबाबदारी कोणापुढे, हे अस्पष्टच राहिले.

परिणाम डोळ्यांपुढे आहेत. तापीवर सुलवाडे, सारंगखेडे व प्रकाशे येथे बॅरेज उभी राहिली आणि त्यांच्या दारांमागे पाणी साचले. पण ते पाणी शेतात चढविणाऱ्या सहकारी उपसा योजना दीर्घकाळ बंद पडून होत्या. काठावरच्या शेतकऱ्याने पाणी रोज पाहावे आणि पीक मात्र पावसावर घ्यावे, असा प्रकार झाला. अमळनेर तालुक्यातील पाडळसे येथील निम्न तापी प्रकल्प पाव शतक उलटल्यावरही पुरा झाला नाही, आणि त्याचा खर्च आरंभीच्या अंदाजाच्या कितीतरी पट वाढला. राज्यभरच्या पाटबंधारे महामंडळांच्या कारभाराविषयी इतकी चर्चा झाली की, २०१२ मध्ये सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली आणि माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमावे लागले.

यावरून निमसरकारी संस्थाच नकोत, असे अनुमान काढणे बरोबर होणार नाही. एका नदीवरची अनेक धरणे एका नजरेखाली असावीत, हे युक्तच आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशकातील गिरणाकाठ यांचे पाणी निरनिराळ्या कचेऱ्यांनी ओढण्यापेक्षा एका संस्थेने पाहावे, हे हिताचे. उणीव आहे ती हिशेबाच्या जागेची. फडाचे पंच पाणी घेणाऱ्यांना हिशेब देत. खाते वरिष्ठांना देई. महामंडळाने तो सरकारला दिला आणि कर्जरोखे घेणाऱ्यांना दिला. कालव्याच्या शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला देण्याची सोय त्याच्या घटनेत नव्हती.

२००५ च्या दोन कायद्यांनी ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न केला. एकाने पाण्याचे दर व हक्क ठरविण्यासाठी राज्यात स्वतंत्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापन केले. दुसऱ्याने कालव्याखालील शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांना कायद्याचे बळ दिले. संस्थेला पाणी मोजून द्यावयाचे आणि तिने ते आपल्या सभासदांत वाटावयाचे. तिच्या संचालकांत कालव्याच्या माथ्याचे, मधले आणि शेवटचे अशा तिन्ही भागांतील प्रतिनिधी असावेत, असा दंडक आहे. पांझरेकाठच्या शेतकऱ्याला ही तरतूद वाचून नवल वाटणार नाही. प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात ठेवून त्याच्या पूर्वजांनी हाच हेतू साधला होता.

कायद्यात लिहिलेली संस्था स्थापन होणे सोपे आहे. तिला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मापाने पाणी मिळणे अवघड आहे, आणि ते मिळाले नाही तर जाब कोणी द्यावयाचा, हे ठरणे त्याहून अवघड. वर्षातून एकदा गिरणेच्या व पांझरेच्या कालव्यांवर महामंडळाचा अधिकारी आणि शेवटच्या चारीवरचा शेतकरी समोरासमोर बसून पाण्याचा हिशेब पाहतील, तर जळगावची ती कचेरी खानदेशाला आपली वाटू लागेल.