'महायुद्धोत्तर' या संज्ञेतील महायुद्ध

मराठी समीक्षेत 'महायुद्धोत्तर' हे विशेषण गेली कित्येक दशके निर्वेधपणे वापरात आहे. महायुद्धोत्तर कविता, महायुद्धोत्तर कथा, महायुद्धोत्तर जाणीव अशी त्याची रूपे अभ्यासक्रमांतून आणि प्रश्नपत्रिकांतून इतकी रुळली आहेत, की त्यांचा अर्थ विचारण्याची गरज कोणाला भासत नाही. विद्यार्थ्याला उत्तरही ठाऊक असते : दुसऱ्या महायुद्धाने मानवी मूल्यांवरील श्रद्धा ढासळली, यंत्रयुगात माणूस एकाकी झाला, आणि या विफलतेतून नवकाव्य व नवकथा जन्मास आली. या उत्तरात महायुद्ध कारण म्हणून येते. घटना म्हणून मात्र ते कोठेच येत नाही. ते कोणामध्ये झाले, का झाले, त्याला कोठे वळण मिळाले, त्यात आपली किती माणसे गेली, यांपैकी काहीही सांगितले नाही तरी उत्तराला पूर्ण गुण मिळतात.

याचे एक कारण असे, की आपल्या समीक्षेने युद्धाची जाणीव अनुभवातून न घेता ग्रंथांतून घेतली. एलियटची 'द वेस्ट लँड' ही कविता १९२२ ची, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरची. युरोपच्या पहिल्या युद्धातून आलेली ती मनःस्थिती दुसऱ्या युद्धानंतरच्या मराठी कवितेला स्पष्टीकरण म्हणून लावण्यात आली. दोन युद्धांतील पंचवीस वर्षांचे आणि दोन भूमींतील हजारो मैलांचे अंतर या व्यवहारात नाहीसे झाले. प्रस्तुत लेखक ज्या पाली गावी राहतो, ते बीडहून मांजरसुंब्याच्या घाटाकडे जाताना बिंदुसरेच्या अंगाने लागते. येथून पाहिले म्हणजे ते अंतर पुन्हा दिसू लागते. महायुद्ध या भूमीपर्यंत पोहोचले होते का, आणि पोहोचले असल्यास कोणत्या रूपाने, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

प्रथम कारणांकडे वळू. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर लादलेली नामुष्की आणि नुकसानभरपाई, १९२९ नंतरची जागतिक मंदी, त्या मंदीच्या पाठीवर बसून १९३३ मध्ये सत्तेवर आलेला हिटलर, मांचुरिया (१९३१) आणि चीन (१९३७) यांवरील जपानी आक्रमणे, १९३८ चा म्युनिक करार आणि ऑगस्ट १९३९ चा जर्मन-सोव्हिएत करार ही साखळी सुपरिचित आहे. परंतु या कारणांच्या मुळाशी असलेली वंशद्वेषाची विषवल्ली एका मराठी कादंबरीने त्याच वर्षी ओळखली होती, ही गोष्ट 'महायुद्धोत्तर' या कालविभागात बसत नाही. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' १९३९ ची. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत आणि त्यांच्यात हॅर्टा आहे. या कादंबरीत तोफ नाही, खंदक नाही. तरीही तिचे नाव 'रणांगण' आहे. एका माणसाला केवळ जन्मामुळे जगात पाय ठेवायला जागा उरत नाही, तेव्हाच युद्ध सुरू झालेले असते, हे बेडेकरांचे आकलन आहे. पुढे साठ लाख ज्यूंचा संहार झाला. आपण मात्र 'रणांगण'ची चर्चा प्रामुख्याने प्रेमकथा आणि निवेदनतंत्र या अंगांनी करीत राहिलो.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर चाल केली आणि ३ सप्टेंबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी येथील कोणत्याही लोकप्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. याच्या निषेधार्थ प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई इलाख्यातील मराठी माणसाला निदान एवढा निषेध तरी उपलब्ध होता. मराठवाड्यातील माणसाला तोही नव्हता. बीड त्या वेळी हैदराबाद संस्थानात होते, आणि पहिल्या महायुद्धापासूनच निजाम ब्रिटिशांचा 'विश्वासू दोस्त' म्हणून गौरविला गेला होता. १९४० मध्ये ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंजलेल्या १५२ व्या स्क्वाड्रनला 'हैदराबाद' हे नाव होते, ते निजामाच्या देणगीमुळे. निजामाची श्रीमंती ज्या सारावसुलीवर उभी होती, तीत आमच्या काळ्या मातीचाही वाटा होता. लंडनवरचे आकाश आणि बालाघाटाच्या डोंगररांगा यांचा संबंध असा खतावणीतून जुळतो. तो कोणाच्या 'जाणिवे'त उतरला नाही, एवढेच.

पूर्वेकडील युद्धाचा प्रारंभ तर अधिक बोलका आहे. पर्ल हार्बरवरील हल्ल्याने पॅसिफिकमधील युद्ध सुरू झाले असे सर्वत्र शिकविले जाते. प्रत्यक्षात त्यापूर्वी तासाभराहून अधिक काळ आधी, ८ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर, जपानी सैन्य मलायातील कोटा बारू येथे उतरू लागले होते. तेथील विमानतळाच्या रक्षणासाठी नेमलेल्या तुकड्यांत हैदराबाद संस्थानची पहिली पायदळ पलटण होती. म्हणजे ज्या क्षणी युरोपातील युद्ध खऱ्या अर्थाने जागतिक झाले, त्या क्षणी आमच्याच संस्थानचे शिपाई त्या किनाऱ्यावर उभे होते. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि मार्चमध्ये रंगून.

युद्धाचे पारडे फिरले ते १९४२-४३ मध्ये. मिडवेची सागरी लढाई, एल अलामीन आणि स्टालिनग्राड ही त्याची तीन स्थाने. पुढे १९४४ मध्ये इम्फाळ-कोहिमा येथे जपानी सैन्याची आगेकूच थांबली. यांतील स्टालिनग्राड मराठीत आले, आणि तेही पोवाड्यातून. २ फेब्रुवारी १९४३ रोजी तेथील जर्मन सैन्याने शरणागती पुरी केली. त्याच वर्षी अण्णा भाऊ साठे यांनी 'स्टालिनग्राडचा पवाडा' रचला. वाटेगावातून मुंबईत पोटासाठी आलेल्या, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या शाहिराने गडकोटांच्या लढाया गाणारी घडण व्होल्गेच्या काठी नेली. महायुद्धाच्या निर्णायक वळणाची मराठीतील ही समकालीन नोंद आहे, आणि महायुद्धोत्तर साहित्याच्या विवेचनात तिला सहसा स्थान नसते.

यावर आक्षेप घेता येईल, की हा पोवाडा पक्षीय प्रचार आहे. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर आक्रमण केल्यानंतर कम्युनिस्टांनी युद्धाला 'लोकयुद्ध' ठरविले होते हे खरेच आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा वणवा पेटला. अण्णा भाऊंच्याच सातारा जिल्ह्यात पत्री सरकार उभे राहिले. आणि त्याच सुमारास हा शाहीर स्टालिनग्राड गात होता. या विसंगतीकडे डोळेझाक करण्याचे कारण नाही. किंबहुना, मराठी माणसासाठी हे युद्ध कोणाचे होते, हा प्रश्न या विसंगतीतच सर्वांत धारदारपणे उभा राहतो. फॅसिझमचा पराभव व्हावा आणि त्याच वेळी फॅसिझमशी लढणाऱ्या साम्राज्याचाही अंत व्हावा, अशी दुहेरी इच्छा बाळगणाऱ्या समाजाचे ते अंतर्द्वंद्व होते. 'प्रचारकी' हा शिक्का मारून आपण पोवाड्याबरोबर हे द्वंद्वही विचारातून वजा केले आणि त्याच्या जागी 'विफलता' हा एकजिनसी शब्द बसविला.

आता किमतीविषयी. जगभरात या युद्धात सहा ते आठ कोटी माणसे मेली असावीत असे अंदाज आहेत. त्यांत एकट्या सोव्हिएत संघाची सुमारे दोन कोटी सत्तर लाख. हिंदुस्थानी सैन्य १९३९ मध्ये दोन लाखांच्या आसपास होते, ते १९४५ पर्यंत पंचवीस लाखांवर गेले. त्यांतील सुमारे सत्त्याऐंशी हजार परतले नाहीत. परंतु येथील सर्वांत मोठा संहार रणभूमीवर झाला नाही. ब्रह्मदेश पडल्याने तांदूळ तुटला, चलनवाढीने धान्य गरिबाच्या आवाक्याबाहेर गेले, जपान्यांच्या हाती पडू नयेत म्हणून बंगालच्या किनारपट्टीवरील नावा आणि साठे सरकारनेच काढून घेतले. १९४३ च्या त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे गेली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' ही बोट फुटली. तिच्या पोटात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र भरल्या होत्या. मृतांचे अंदाज सातशेपासून तेराशेपर्यंत आहेत. त्यांत अग्निशमन दलाचे सहासष्ट जवान होते. सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले.

मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) या पार्श्वभूमीवर पुन्हा वाचायला हव्यात. पिपातल्या उंदरांच्या त्या कवितेवर आपण पुष्कळ लिहिले. अस्तित्ववादापासून प्रतिमावादापर्यंत तिचे सारे पाश्चात्त्य नातेसंबंध तपासले. पण ज्या शहरात १९४३ पासून धान्य मापून मिळत होते, गोदामे आणि गोदी हाच ज्याचा जीवनव्यवहार होता, तेथे 'पीप' आणि 'उंदीर' या प्रथम वस्तू होत्या आणि मग प्रतिमा झाल्या, हे आपण ध्यानात घेतले नाही. मर्ढेकरांवरील पाश्चात्त्य संस्कार नाकारण्याचा येथे हेतू नाही. त्या संस्काराला धरायला जी जमीन लागली ती येथली होती, इतकाच मुद्दा आहे.

एक माणूस मात्र या सर्व साहित्यात आढळत नाही : प्रत्यक्ष लढलेला शिपाई. रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत तैबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर चालून गेले आणि मारले गेले. आमच्या शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्याचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून वाहून आणले. दोघेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्यांच्या शौर्याचे वर्णन उपलब्ध आहे ते पदकासोबतच्या इंग्रजी मानपत्रात. पहिल्या महायुद्धातील हिंदी शिपायांच्या पत्रांचीही हीच गत झाली : सेन्सॉरने इंग्रजीत करून घेतलेले उतारे लंडनमध्ये जपले गेले, आणि मूळ भाषेतील पत्रे बहुतांशी नाहीशी झाली. ज्या शब्दांत त्यांनी घरच्यांना हाक मारली असेल, पावसापाण्याची चौकशी केली असेल, ते शब्दच उरले नाहीत. एखाद्या भाषेच्या साहित्याभ्यासकाला याहून मोठी हानी कोणती सांगता येईल? आपल्या 'महायुद्धोत्तर' जाणिवेत एकाकी माणूस पुष्कळ आहे. घरी न परतलेला माणूस नाही.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर 'महायुद्धोत्तर' हा कालविभागच येथे लागू पडत नाही. युद्धकाळात शेतकऱ्यावर धान्याची सक्तीची लेव्ही बसली आणि युद्ध संपल्यावरही ती उठली नाही. करोडगिरी नाके, लेव्ही आणि रझाकार यांच्याविरुद्धचा लढा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत चालला. पुण्या-मुंबईत १९४५ नंतर शांततेतील वैफल्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा येथे युद्धच निराळ्या नावाने चालू होते. मग आपल्या वाङ्मयेतिहासातील ही सीमारेषा कोणाच्या अनुभवावरून आखली गेली, हा प्रश्न मराठवाड्यातील अभ्यासकाने तरी विचारायला हवा.

पालीत आजही स्वस्त धान्याच्या दुकानाला जुनी माणसे 'कंट्रोल' म्हणतात. गहू आणायला निघालेली म्हातारी 'कंट्रोलात जाऊन येते' म्हणते, तेव्हा ती युद्धकालीन नियंत्रणाच्या हुकमाचे नाव उच्चारीत असते. तिला ते ठाऊक नसते, आणि आपणही ते तिला कधी सांगितले नाही. रेशन, लेव्ही, कंट्रोल, काळा बाजार या शब्दांत महायुद्ध आपल्या भाषेत मुक्कामाला आहे. वाङ्मयेतिहासाने त्याचा शोध विफलतेच्या संकल्पनेत घेण्यापूर्वी या शब्दांत घेतला असता, तर 'महायुद्धोत्तर' या संज्ञेतील 'उत्तर' हा शब्द इतक्या सहजपणे लिहिण्याचे धैर्य आपल्याला झाले नसते.