गाडीला छिद्र न पाडता सामानाची सोय
सांगवी परिसरातील जीपगाड्यांचा दुहेरी वापर. फळी, पट्टा आणि वजनाचा हिशेब महत्त्वाचा

सांगवी (ता. बारामती) : नीरा नदीच्या काठावरील या गावात चारचाकी गाडी ही केवळ प्रवासाची वस्तू नाही. सकाळी मुलांना बारामतीच्या शाळेत सोडणारी गाडी दुपारी खताची गोणी, फवारणीचा पंप, ठिबकच्या नळ्यांचे वेटोळे किंवा दुधाचा कॅन घेऊन शेताकडे वळते. उसाच्या पट्ट्यातील बहुतेक घरांचा हाच अनुभव आहे. शहरातील वाचकांची स्थितीही फारशी वेगळी नाही. आठवडाअखेरीस गावी जाणारे, छायाचित्रणाची किंवा गिर्यारोहणाची साधने नेणारे, दुकानाचा माल ने-आण करणारे असे अनेक जण आपल्या गाडीच्या डिकीत जादा सोय करू पाहतात.

अशी सोय करताना पहिला विचार येतो तो ड्रिल मशीनचा. गाडीच्या पत्र्याला चार भोके पाडली, नट-बोल्ट आवळले, की काम झाले, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात या चार भोकांची किंमत नंतर मोजावी लागते. भोके न पाडताही पक्की व्यवस्था करता येते. मात्र 'छिद्र नको' याचा अर्थ 'बांधणे नको' असा होत नाही, हे वाहनधारकांनी आरंभीच लक्षात घेतले पाहिजे.

जीपगाड्यांचा बदलता चेहरा

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या वर्गातील गाड्या रुजल्या त्या १९९० च्या दशकात. टाटा सुमो १९९४ मध्ये आणि टाटा सफारी १९९८ मध्ये बाजारात आली. त्यानंतर २००० मध्ये महिंद्र बोलेरो, २००२ मध्ये स्कॉर्पिओ आणि २००५ मध्ये टोयोटा इनोव्हा आली. सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी जुन्या गाड्या अजूनही दिसतात. सुमो आणि बोलेरोसारख्या गाड्यांत मागील भागात समोरासमोरची, बाकासारखी आसने असत. ती उचलून भिंतीला टेकवली की मधला भाग सामानासाठी मोकळा होई. नव्या गाड्यांत गालिचे, वातानुकूलनाच्या नळ्या, संवेदक आणि हवेच्या पिशव्या आल्या. सामान ठेवण्याची गरज तीच राहिली, पण पत्र्यामागे दडलेल्या वस्तूंची संख्या वाढली.

छिद्र का नको?

कारखान्यात गाडीच्या सांगाड्याला रंगाच्या कुंडात बुडवून गंजरोधक थर दिला जातो. ड्रिलने तो थर फुटतो आणि उघड्या पडलेल्या कडेपासून गंज सुरू होतो. पावसाळ्यात चाकांनी उडवलेले पाणी अशा छिद्रातून गालिच्याखाली शिरते. गालिचा वरून कोरडा दिसतो, खाली मात्र पत्रा कुजत राहतो.

दुसरा धोका अधिक तातडीचा आहे. मागील भागाच्या पत्र्याखाली इंधनाची टाकी, इंधनाच्या व ब्रेकच्या नळ्या आणि विजेच्या तारांचे जुडगे असू शकते. खिडक्यांच्या वरच्या कडेला, छताच्या आतील आवरणामागे अनेक गाड्यांत पडद्यासारख्या उघडणाऱ्या हवेच्या पिशव्या बसवलेल्या असतात. तेथे घुसलेला एक स्क्रू पिशवीला इजा करू शकतो किंवा अपघाताच्या वेळी तिला उघडू देत नाही. याशिवाय हमीच्या काळात अशा कामामुळे वाद उद्भवू शकतो, आणि गाडी विकताना ही छिद्रे खरेदीदाराच्या नजरेतून सुटत नाहीत.

गाडीत आधीच असलेले आधार

बहुतेक गाड्यांच्या डिकीत सामान बांधण्यासाठी तळाशी लोखंडी कड्या दिलेल्या असतात. काही वेळा त्या प्लास्टिकच्या झाकणाखाली असतात. गाडीची माहितीपुस्तिका उघडून त्यांची जागा आणि सोसण्याची क्षमता पाहून घ्यावी. या कड्या हाच संपूर्ण व्यवस्थेचा पाया होय.

कारखान्याने दिलेले काही रिकामे, आटे असलेले छिद्रही मिळते. त्यात बोल्ट लावायचा असल्यास आट्यांचे माप तंतोतंत जुळले पाहिजे. आसनपट्ट्याचा बोल्ट मात्र कोणत्याही कारणासाठी उघडू नये. लहान मुलांचे आसन अडकवण्यासाठी दिलेल्या कड्यांचा उपयोगही सामान बांधण्यासाठी करू नये. खिडकीवरील हातपकड ही माणसाच्या आधारासाठी असते. तेथे जड पिशवी टांगल्यास ती हवेच्या पिशवीच्या मार्गात येऊ शकते.

फळीचा मंच

छिद्राविना करता येणारी सर्वांत उपयुक्त व्यवस्था म्हणजे प्लायवूडचा मंच. गावातील कोणताही कुशल सुतार तो एका दिवसात तयार करू शकतो. त्यासाठी पुढील क्रम सोयीचा ठरतो.

प्रथम जाड पुठ्ठ्याचा साचा कापून डिकीच्या तळावर बसवून पाहावा. चाकांवरील उंचवटे, मागील वातानुकूलनाची तोंडे आणि आसने दुमडण्याची जागा मोकळी राहिली पाहिजे. साचा नीट बसल्यावरच फळी कापावी.

पावसाळी हवा आणि ओला माल लक्षात घेता 'आयएस ७१०' ही भारतीय मानकाची मुद्रा असलेले, जलरोधक प्लायवूड घ्यावे. सर्वसाधारण वापरास १२ मिलिमीटर जाडी पुरते. आठ बाय चार फुटांच्या अशा संपूर्ण फळीचे वजन साधारण २० ते २५ किलो भरते. म्हणून गरजेपुरताच तुकडा वापरावा. मंच दोन भागांत केल्यास तो मागील दारातून सहज आत-बाहेर करता येतो.

मंचाखाली चार ते सहा इंचांची पोकळी ठेवली तर जॅक, पाना, दोरखंड आणि प्रथमोपचाराची पेटी तेथे राहते. स्टेपनी आतून काढावी लागणारी गाडी असेल तर त्यासाठी उचलता येणारे झाकण ठेवावे. रात्री रस्त्यावर चाक बसले आणि वर सगळा माल रचलेला असला, तर या झाकणाचे महत्त्व कळते.

फळीच्या कडा गोल कराव्यात. वर गालिचा किंवा रबरी चटई चिकटवावी. शेवटी मंच तळातील चार कड्यांना टर्नबकल नावाच्या ताण देणाऱ्या पेचाने किंवा खटक्याच्या पट्ट्यांनी आवळावा. केवळ स्वतःच्या वजनावर ठेवलेला मंच हा मंच नव्हे, तो अपघातात पुढे येणारा आणखी एक जड तुकडा ठरतो.

दुहेरी बाजूच्या चिकटपट्टीवर भरवसा ठेवून जड वस्तू बसवण्याचा मोह टाळावा. उन्हाळ्यात बारामती-इंदापूरच्या भागात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत तापमान त्याहून खूप वर जाते. अशा उष्णतेत चिकटद्रव्य मऊ पडते. चिकटपट्टी हलक्या पिशव्यांपुरतीच ठीक आहे.

हलक्या सामानासाठी

पाण्याच्या बाटल्या, छत्री, कागदपत्रे, विजेरी अशा वस्तूंसाठी पुढील आसनांच्या पाठीवर कप्प्यांचे कापडी आवरण लावता येते. डोके टेकण्याच्या उशीच्या दोन दांड्यांना ते अडकते. आसनाच्या कडेतच हवेची पिशवी असेल, तर संपूर्ण आसन झाकणारे आवरण वापरू नये.

भाजीपाला आणि फळांसाठी बाजार समितीत वापरले जाणारे प्लास्टिकचे क्रेट हे स्वस्त आणि टिकाऊ कप्पे आहेत. ते एकमेकांत बसतात, धुता येतात आणि पट्ट्याने बांधता येतात. त्यांच्याखाली रबरी चटई असावी. मोकळ्या पिशव्या आणि चेंडूसारख्या घरंगळणाऱ्या वस्तूंसाठी चार कड्यांना अडकणारी जाळी पुरते. जड मालासाठी मात्र जाळीवर विसंबू नये.

वजनाचा हिशेब

ताशी ७२ किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला २० मीटर. या वेगातील गाडी धडक बसून एका मीटरच्या अंतरात थांबली, तर आतील प्रत्येक वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे २० पट जोर येतो. म्हणजे १० किलोची हत्यारांची पेटी २०० किलोच्या जोराने पुढे झेपावते. युरियाची ४५ किलोची गोणी ९०० किलोच्या जोराने आसनाच्या पाठीवर आदळते. ४० लिटर दुधाचे वजन सुमारे ४१ किलो होते आणि कॅनचे वजन निराळे. त्या कॅनपुढे कोण बसले आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

मागील आसनाची पाठ हा भार सहज पेलेल, ही समजूतही तपासून घेण्यासारखी आहे. आसनांच्या मजबुतीविषयी संयुक्त राष्ट्रांची १७ क्रमांकाची नियमावली आहे. तीत सामानाची चाचणी प्रत्येकी १८ किलोचे दोन ठोकळे ठेवून, ताशी ५० किलोमीटर वेगाच्या धडकेने घेतली जाते. दोन्ही मिळून वजन ३६ किलो होते. म्हणजे न बांधलेली एकच खताची गोणी या चाचणीतील एकूण वजनापेक्षा जड आहे.

मागे बसणाऱ्यांचा आसनपट्टाही याच हिशेबात येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा मागील आसनावरील पट्ट्याचा विषय देशभर चर्चेत आला होता. सामान बांधले आणि माणूस मोकळा सोडला, तर अर्धेच काम झाले.

म्हणून जड वस्तू सर्वांत खाली आणि आसनाच्या पाठीला भिडवून ठेवाव्यात. पट्टे फुलीच्या आकारात आवळावेत. चांगल्या पट्ट्यावर त्याची क्षमता छापलेली असते. तेथे 'डेकान्यूटन' हे एकक दिसल्यास एक डेकान्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा जोर, असे समजावे. आसनाच्या पाठीपेक्षा उंच माल रचू नये. रबरी चटईमुळे साध्या ब्रेकच्या वेळी माल घसरत नाही, पण धडकेत ती उपयोगी पडत नाही.

गाडीची एकूण क्षमता हा आणखी एक मुद्दा. नोंदणीपुस्तकात गाडीचे रिकामे वजन दिलेले असते आणि माहितीपुस्तिकेत कमाल भारित वजन. या दोहोंतील फरक म्हणजे माणसे आणि सामान मिळून नेता येणारा भार. हा फरक ५०० किलो आहे असे मानले आणि प्रत्येकी ६५ किलोची पाच माणसे बसली, तर ३२५ किलो संपले. उरलेल्या १७५ किलोंतून मंचाचे वजनही वजा करायचे असते. भार वाढल्यास चालकाच्या दाराजवळील पाटीवर दिलेला हवेचा दाब चाकांत ठेवावा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे.

उचलून बाहेर काढता येणारा मंच, जाळी किंवा क्रेट हे सामान समजले जाते, गाडीचा भाग नव्हे. आसने कायमची काढून टाकणे ही गोष्ट वेगळी आहे, कारण आसनसंख्या नोंदणीपुस्तकात नमूद असते. म्हणून आसने दुमडावीत, काढू नयेत. तसा विचार असल्यास आधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. 'एमएच-४२' क्रमांकाच्या गाड्यांसाठी ते कार्यालय बारामतीत आहे. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून भाड्याने मालवाहतूक करता येत नाही, हेही विसरू नये.

वारीच्या दिवसांत विशेष दक्षता

आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती-इंदापूर मार्गाने, तर संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण मार्गाने पंढरपूरकडे जाते. त्या काळात या दोन मार्गांमधील गावांतून दिंड्यांचे साहित्य, भांडी आणि शिधा नेणाऱ्या गाड्यांची वर्दळ असते. पातेली एकात एक घालून बांधावीत. गॅसचा सिलिंडर, पेट्रोलचा कॅन आणि कीटकनाशके माणसे बसलेल्या बंद गाडीत नेऊ नयेत. कीटकनाशके आणि अन्नधान्य तर एकत्र कधीच ठेवू नये.

निघण्यापूर्वी मागील दार उघडून प्रत्येक वस्तू हाताने ओढून पाहावी. जी हलते ती पुन्हा बांधावी. नव्याने आवळलेले पट्टे थोड्या अंतरानंतर सैल पडतात, म्हणून पहिल्या दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून ते पुन्हा तपासावेत. या कामाला पाच मिनिटे पुरतात.