माळ्यावरची काळी मशीन की नवी ऑटोमॅटिक? शिलाई मशीन घेण्याआधी हे वाचा

आटपाडी : दिघंची, खरसुंडी, करगणी, झरे, कुठल्याही गावात जा, सोप्याच्या कोपऱ्यात नाहीतर माळ्यावर पोत्याखाली झाकलेली काळी शिलाई मशीन बऱ्याच घरांत सापडते. आजीची, सासूबाईंची. सून म्हणते, मोटरवाली पांढरी मशीन घेऊया. सासरे म्हणतात, ही काय वाईट आहे? दोघांचंही अर्धं बरोबर असतं. कारण प्रश्न जुनी-नवीचा कमी आणि तुम्ही शिवणार काय याचा जास्त आहे.

परकर, ब्लाऊज, पोरांचा शाळेचा ड्रेस, उशीची खोळ, झबली-टोपडी एवढंच शिवायचं असेल तर जुनी पायमशीन पुरून उरते. ती फक्त सरळ टाका घालते, पण तो असा पक्का घालते की कापड फाटेल, शिवण उसवणार नाही. सिंगर कंपनीची पहिली मशीन 1851 ची. भारतात 1930 च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं उषा मशीन काढली. पुढं लुधियानात ढीगभर कारखाने झाले. मांडणी बहुतेकांची तीच राहिली, त्यामुळं जुन्या मशीनचं बॉबिन, बॉबिन केस, पट्टा आजही तालुक्याच्या दुकानात मिळतो. यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा 1924 मध्ये सिंगरच्या शिलाई मशीनला त्यातून सूट दिली होती.

दुसरी गोष्ट विजेची. लाईट गेली तरी पायडल थांबत नाही. आपल्याकडं व्होल्टेज कमी-जास्त होतं, हे कॉम्प्युटराइज्ड मशीन घेणाऱ्यानं आधी लक्षात घ्यावं. तिच्यातलं बोर्ड जळलं की गावातला मिस्त्री हात लावत नाही, मशीन सांगली-पुण्याला पाठवावी लागते.

मग नवी कशाला? लेगिंग, टी-शर्ट असलं ताणणारं कापड सरळ टाक्यानं शिवलं की अंगात घालताना दोरा तटातट तुटतो. तिथं झिगझॅग टाका लागतो, तो काळ्या मशीनमध्ये नसतो. काजं, कडेला धागे सुटू नयेत म्हणून घालायचा टाका, थोडी नक्षी हे सगळं नवी करते. गुडघेदुखी असलेल्या बाईला पायडलपेक्षा मोटर बरी, हेही खरं. पण जुन्या मशीनलासुद्धा छोटी मोटर बसवता येते. मशीन चांगली असेल आणि त्रास फक्त पायाचा असेल तर तोच स्वस्त उपाय.

एक चूक बऱ्याच जणी करतात. फॉल-पिकोचा धंदा करायचा म्हणून घरगुती ऑटोमॅटिक मशीन घेतात. ती हलकी असते, आत बरेच भाग प्लॅस्टिकचे. घरच्या दोन-चार साड्या होतील. लग्नसराईत रोज पंधरा-वीस साड्या काढायच्या असतील तर पिकोची वेगळी मशीन घ्या. आणि वाकळ कुठल्याच घरगुती मशीनवर शिवायला जाऊ नका. तेवढे थर दाबाखाली मावत नाहीत, सुई मोडून डोळ्याकडं उडते. वाकळ हातानंच.

जुनी मशीन विकत घेताय, किंवा घरातली काढताय, तर आधी पट्टा काढून हातानं चाक फिरवा. एकसारखं फिरलं पाहिजे. जाम असेल तर घाबरू नका, बहुतेक वेळा आत वाळलेलं तेल असतं. रॉकेलचे थेंब टाकून रात्रभर ठेवा, पुसा, मग मशीनचं पातळ पांढरं तेल घाला. खोबरेल किंवा गाडीचं ऑइल घालू नका. थंडीत खोबरेल गोठतं आणि मशीन परत बसते. सुई धरून आडवी हलवून बघा, खिळखिळी लागली तर दांडा झिजलाय. फूटखालचे दाते बोथट असतील तर कापड पुढं सरकणार नाही. शेवटी वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून दोन पदरी सुती कापडावर शिवून बघा. वरच्या बाजूला पांढरा दिसू नये, खालच्या बाजूला लाल.

खाली दोऱ्याचं जाळं होतं म्हणून मशीन भंगारात देणारे आहेत. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट वर उचलून दोरा परत ओवा, टेन्शन थोडं आवळा, सुई बदला. सुईला एका बाजूनं लांब खाच असते, दोरा त्याच बाजूनं ओवायचा. साध्या सुती कापडाला 14 नंबर, जाड कापडाला 16 नंबर. सुई आणायला जाताना जुनी सुई सोबत न्या, कारण चपट्या बुडाची आणि गोल बुडाची एकमेकीत बसत नाही. होडीसारखं लांब शटल असलेली फार जुनी मशीन मात्र विचार करून घ्या. तिचं बॉबिन सहज मिळत नाही.

‘जुन्या सिंगरला लाखो रुपये मिळतात’ असा मेसेज आला तर पुढं पाठवू नका. 2009 मध्ये सौदी अरेबियात जुन्या सिंगरमध्ये ‘लाल पारा’ असल्याची अफवा उठली आणि लोकांनी वाट्टेल तो भाव दिला. पारा कुठंच निघाला नाही.

तसंच ‘प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन’ची लिंक. या नावाची केंद्राची योजना नाही, असं सरकारच्या पीआयबीनं स्पष्ट केलं आहे. लिंकवर आधार, ओटीपी, ‘नोंदणी फी’ काहीही देऊ नका. खरी आहे ती पीएम विश्वकर्मा, 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेली. तीत 18 व्यवसाय आहेत, शिंपीकामही आहे. प्रशिक्षण, त्या काळात दिवसाला 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15,000 रुपयांचं ई-व्हाउचर आणि 5 टक्के व्याजानं पहिल्यांदा 1 लाखापर्यंत कर्ज मिळतं. एका कुटुंबात एकालाच लाभ, घरात सरकारी नोकरी असेल तर नाही. अर्ज सीएससी केंद्रातून होतो, पडताळणी ग्रामपंचायतीपासून सुरू होते. शिंपीकामाची नोंदणी सध्या चालू आहे का, ते आधी केंद्रावर विचारा. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभागही काही वर्षी अनुदानावर शिलाई आणि पिको मशीन देतो, त्याची चौकशी पंचायत समितीत करा.

व्हाउचर हातात आलं तरी पहिलं दिसलं ते मॉडेल उचलू नका. गावात कोणाकडं तसली मशीन आहे का बघा, तिला विचारा, दुरुस्तीला कुठं नेता.