परदेशी विद्येचा अर्ज आणि परतीचे वचन

अमरावतीहून नागपुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तिवसा हे तालुक्याचे गाव आहे. ह्याच तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडिण्यपूर वसले आहे. विदर्भराज भीष्मकाची ती राजधानी आणि रुक्मिणीचे ते माहेर, अशी परंपरेची श्रद्धा. भागवतातील कथेप्रमाणे येथूनच रुक्मिणीने एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेस आपला निरोप धाडला. ह्या प्रसंगातील शृंगाराकडे व भक्तीकडे आपले लक्ष जाते ते योग्यच आहे; परंतु त्या निरोपाची आणखी एक बाजू पाहण्याजोगी आहे. त्यात नुसती विनवणी नाही. विवाहाचा दिवस कोणता, आदल्या दिवशी नगराबाहेरील देवीच्या दर्शनास ती कशी येणार, तेथून तिला कोणत्या रीतीने न्यावे, हे सर्व तिने नेमके कळविले आहे. आपणांस काय हवे, ते का हवे आणि ते कसे घडून येईल, ह्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात आहेत. दूर देशी आपले भवितव्य मागावयाचे तर ते कसे मागावे, ह्याचा धडा ह्या मातीस जुनाच आहे म्हणावयाचा.

आज ह्याच तालुक्यातील एखादा मुलगा वा मुलगी परदेशी विद्यापीठात एक सत्र शिकण्यासाठी अर्ज भरावयास बसली, तर तिच्यापुढेही हेच तीन प्रश्न येतात. ह्या व्यवस्थेस विद्यार्थ्यांचा विनिमय म्हणतात. दोन विद्यापीठे आपसांत करार करितात. ह्यांचे विद्यार्थी तिकडे व त्यांचे इकडे, असे चारसहा महिने शिकतात. युरोपात एरॅस्मस ह्या पंडिताच्या नावाने १९८७ साली अशी मोठी योजना सुरू झाली, आणि पुढे तिची कवाडे इतर खंडांतील विद्यार्थ्यांसही उघडली. अशा करारात बहुधा शिक्षणशुल्क आपल्याच विद्यापीठात भरावयाचे असते. परक्या विद्यापीठात ते पुन्हा द्यावे लागत नाही. प्रवास, राहणे व जेवण ह्यांचा खर्च मात्र उरतोच. तिकडे कोणते विषय शिकावयाचे व त्यांचे किती श्रेयांक इकडे धरावयाचे, हे निघण्यापूर्वीच लेखी ठरते. गुणपत्रके, अध्यापकांची शिफारसपत्रे, भाषेच्या परीक्षेचा दाखला, पारपत्र, बँकेतील शिल्लक, असे सर्व कागद जोडून झाले म्हणजे शेवटी एक कोरे पान उरते. त्यावर आपला हेतू लिहावयाचा असतो. बहुतेकांचे हात थबकतात ते येथेच. खेड्यातल्या कास्तकाराच्या लेकराने आपल्या हेतूविषयी जगातल्या विद्वानांस काय लिहावे?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर आपल्याच इतिहासातील तीन अर्जदारांकडे वळले पाहिजे.

पहिला अर्ज आनंदीबाई जोशी ह्यांचा. १८७८ साली त्यांचे पती गोपाळराव ह्यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनरी वाइल्डर ह्यांस पत्र लिहिले. वाइल्डरांनी ख्रिस्ती होण्याचा उपदेश करून ते पत्र आपल्या उत्तरासह अमेरिकेतील मासिकात छापले. ज्या हेतूने ते छापले तो साधला नाही. पण न्यू जर्सीतील कार्पेंटर नावाच्या एका गृहिणीच्या हाती तो अंक पडला आणि दोन परक्या घरांत पत्रव्यवहार सुरू झाला. १८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई कलकत्त्याहून पतीविना निघाल्या. त्यांचे वय तेव्हा अवघे अठरा. अमेरिकेस पोहोचल्यावर त्यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयास प्रवेशासाठी पत्र लिहिले. शाळेची परंपरागत तयारी आपल्यापाशी नाही, हे त्यात त्यांनी झाकून ठेविले नाही. आप्तांचा व जातीचा विरोध सोसून जो निश्चय मला येथवर घेऊन आला, तोच पुढचे कार्यही पार पाडील, असा त्या पत्राचा रोख होता. आणि ते कार्य म्हणजे पुरुष वैद्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींची सेवा. महाविद्यालयाने त्यांस प्रवेश दिला. १८८६ च्या मार्चमध्ये त्या वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाचे काम त्यांच्यासाठी ठरले होते. परंतु क्षयाने पोखरलेले शरीर टिकले नाही आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांनी वचन मोडले नाही; त्यांचे आयुष्य पुरले नाही.

दुसरा अर्ज भीमराव आंबेडकरांचा. १९१३ च्या जूनमध्ये त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीचे दरमहा साडेअकरा पौंड तीन वर्षे मिळावयाचे आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ साली एम. ए. केले आणि पुढे लंडन गाठले. शिष्यवृत्तीची मुदत संपताच १९१७ साली ते करार पाळण्यासाठी बडोद्यास आले. पुढे काय झाले ते त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. इतक्या मोठ्या नगरात त्यांस राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत परके नाव घेऊन ते राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस तेथून हुसकून लाविले. दिवस एका सार्वजनिक बागेत काढून ते मुंबईस परतले. करारात दहा वर्षांची अट होती. ती पुरी करण्याची बुद्धी अर्जदाराच्या ठायी होती, समाजाच्या ठायी नव्हती. १९२० साली स्वतःची बचत, शाहू छत्रपतींचे साहाय्य व नवल भथेना ह्या मित्राचे कर्ज घेऊन ते पुन्हा लंडनास गेले आणि अपुरी राहिलेली विद्या त्यांनी पुरी केली.

तिसरा अर्जदार वऱ्हाडचाच. त्याच १९२० साली अमरावती जिल्ह्यातील पापळ गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा विलायतेस निघाला. पंजाबराव देशमुखांचा जन्म १८९८ सालचा. पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती अशी त्यांच्या शाळेची वाट. पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता त्यांनी परदेशाचा ध्यास घेतला. ह्यांच्या मागे संस्थानिक नव्हता, की परक्या देशातील कोणी मायाळू गृहिणी नव्हती. मागे होती ती शेती. वडील शामराव ह्यांनी ती गहाण टाकून कर्ज काढिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. वऱ्हाडच्या कास्तकारास जमीन गहाण टाकणे म्हणजे काय, हे येथील वाचकांस समजावून सांगावयास नको. कापसाचा भाव एका वर्षी चढतो आणि पुढच्या वर्षी कोसळतो; सावकाराचे व्याज मात्र पाऊसपाणी पाहत नाही. अशा घराने आपल्या मुलाच्या हेतूवर विश्वास ठेविला. हेतुपत्र कोणत्याही भाषेत लिहिलेले असो, त्याची पहिली परीक्षा घरातच होते.

एडिंबरा येथे पंजाबरावांस संस्कृत संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली. ऑक्सफर्डलाही त्यांनी अध्ययन केले आणि बॅरिस्टरीची सनद मिळविली. वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. कुणब्याच्या मुलाने वेदांवर प्रबंध लिहावा, ही गोष्टच त्या काळी अपूर्व होती. १९३३ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. १९२६ साली ते परतले आणि मुंबईस मोठी वकिली मांडण्याऐवजी अमरावतीस राहिले. तेथे सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे म्हणून त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढिले. १९२७ च्या नोव्हेंबरात अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी अमरावतीस परिषद भरली. तिचे अध्यक्षस्थान आंबेडकरांकडे होते आणि त्या लढ्यात पंजाबरावही होते. सात वर्षांपूर्वी एकाच साली विलायतेची वाट धरलेले हे दोघे एका देवळाच्या बंद दारापाशी येऊन भेटावे, ह्यात आपल्या समाजाचे सारे चित्र आले. पुढे पंजाबरावांनी शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. तिच्या शाळा-महाविद्यालयांनी वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांत विद्या नेली. १९५२ ते १९६२ ते केंद्रात कृषिमंत्री होते; १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज स्थापिला आणि १९५९ साली दिल्लीस जागतिक कृषिप्रदर्शन भरविले. जग पाहावयास गेलेल्या मुलाने जगच शेतकऱ्याच्या भेटीस आणिले. गहाण पडलेल्या शेतीचे ऋण ह्याहून अधिक कोण कसे फेडणार?

हे तीन अर्ज शेजारी ठेविले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. तिघांपैकी कोणाचाही अर्ज केवळ मागील गुणांच्या बळावर उभा नव्हता. तिघांनीही परत येऊन काय करावयाचे ते मनाशी नक्की केले होते. परंतु परतीचे वचन एकट्या विद्यार्थ्याने देऊन भागत नाही. आनंदीबाईंच्या वेळी रुग्णालय वाट पाहत होते, पण काळाने गाठले. आंबेडकरांच्या वेळी नोकरी होती, पण घर नव्हते. पंजाबराव परतले तेव्हा त्यांस आपले घर, आपला जिल्हा व आपली माणसे होती, आणि म्हणूनच त्यांच्या विद्येचे पीक येथे आले. जो जातो त्याने परतीचे वचन द्यावे, हे खरेच. पण जे मागे राहतात त्यांनीही, तू परत ये, तुझ्या विद्येस आम्ही येथे जागा देऊ, असे वचन दिले पाहिजे.

सत्राच्या विनिमयात मला विशेष वाटते ते हेच. ह्यात परतणे योजनेतच धरलेले असते. धोका शेतीने वा एखाद्या दात्याने एकट्याने उचलावयाचा नसून दोन विद्यापीठांनी वाटून घ्यावयाचा असतो. पूर्ण पदवीसाठी जाणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांस महाराष्ट्र शासन २००३ पासून शाहू छत्रपतींच्याच नावाने शिष्यवृत्ती देत आले आहे. १९२० सालच्या साहाय्याची ती उचित स्मृती होय. पण प्रवासाचे व जेवणाखाण्याचे पैसे ज्या घरात निघत नाहीत, त्या घरातील मुलास विनिमयाचे दार अर्धेच उघडते. ती उरलेली रक्कम फार मोठी नसते. एखाद्या महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी, एखाद्या बाजारपेठेच्या व्यापाऱ्यांनी, एखाद्या गावाने मनात आणिले तर ती जमू शकते. शामरावांनी एकट्याने जे केले ते गावाने मिळून करावयाचे आहे.

आणि ते कोरे पान? तिवश्याच्या विद्यार्थ्याने तेथे उसनी भाषा लिहू नये. आपले गाव कोठे आहे, तेथे काय उणे आहे, ते भरून काढण्यासाठी काय शिकावयाचे आहे आणि परत येऊन ते कोणाच्या हाती द्यावयाचे आहे, एवढेच नेमके लिहावे. कौंडिण्यपुराहून गेलेल्या निरोपात इतकेच नेमकेपण होते, आणि तो वाया गेला नाही.