आमची जीप ‘ओरिजिनल’ नाही, त्याची गोष्ट



कांदा चाळीत भरून झाला. पाऊस अजून लांब आहे. दरवर्षी या मधल्या आठ दिवसांत आमच्याकडे जीपचं काम निघतं. यंदाही ती शेडमध्ये उभी केली, बॉनेट उघडलं, पाने काढून पोत्यावर मांडले. पण हात लावायच्या आधीच मन दुसरीकडे गेलं होतं.

मागच्या आठवड्यात पुण्याहून एक गृहस्थ आले होते. जुन्या गाड्या गोळा करतात. माणूस चांगला, आणि जाणकार. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून चासी नंबर बघितला आणि म्हणाले, “इंजिन, चासी मूळची आहे. पण मागचा हौदा बदललाय, डायनॅमो नाही. गाडी ओरिजिनल राहिली नाही. तरी मी घेतो. सगळं खरवडून पहिल्यासारखी करतो.” त्यांनी सांगितलेला आकडा आमच्या यंदाच्या कांद्याच्या पट्टीपेक्षा मोठा होता. आण्णा काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. गाडी आता माझ्या नावावर आहे.

‘ओरिजिनल’ या एका शब्दावर आठ दिवस डोकं चाललंय. म्हणून आजची नोंद पिकाची नाही, जीपची आहे. जरा लांबण लागेल, पण वाचा.

जीप जन्मली ती लढाईसाठी. जुलै 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने 135 कारखानदारांना कळवलं की हलकी, चारही चाकांना ताकद असलेली गाडी हवी, आणि नमुना 49 दिवसांत हवा. पेनसिल्व्हेनियातल्या बॅन्टम नावाच्या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला आणि 23 सप्टेंबर 1940 ला गाडी मेरिलँडमधल्या होलाबर्ड तळावर नेऊन उभी केली. पण लष्कराला गाड्या हव्या होत्या लाखांनी, आणि तेवढा बॅन्टमचा जीव नव्हता. मोठं काम गेलं टोलेडोच्या विलीज कंपनीकडे. तिचं इंजिन सगळ्यांत दमदार होतं, 2.2 लिटरचं, 60 हॉर्सपॉवरचं. विलीज एकटीलाही पुरं पडेना, तेव्हा फोर्ड कंपनीला विलीजच्याच नकाशांवरून तीच गाडी बनवायला लावली. लढाई संपेपर्यंत दोघींनी मिळून 6 लाखांहून जास्त जीप काढल्या.

यातली महत्त्वाची गोष्ट संख्या नाही. महत्त्वाचं हे की विलीजचा भाग फोर्डच्या जीपला बसत होता आणि फोर्डचा विलीजच्या. दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी रणांगणावरच उभी करता येत होती. पुढचे दिवे बिजागरीवर बसवलेले होते. नट सैल करून दिवा मागे वळवला की उजेड थेट इंजिनावर पडायचा, रात्रीचं काम करायला. 1944 मध्ये लष्कराने या गाडीचं जे पुस्तक काढलं, त्यात ड्रायव्हरने स्वतः करायची तपासणी चार भागांत दिली आहे. निघण्याआधी काय बघायचं, चालवताना काय ऐकायचं, थांबल्यावर कुठे हात लावून बघायचा आणि परत आल्यावर काय करायचं.

म्हणजे ही गाडी दुरुस्त करता ‘येते’ असं नाही. ती दुरुस्त करण्यासाठीच बनवली होती.

आणि ती ज्यांच्या हातात गेली त्यांना हे नवं नव्हतं. 1940 च्या सुमारास अमेरिकेत दर चार-पाच माणसांमागे एक माणूस शेतावर राहत होता. त्यांच्या बापांनी फोर्डची मॉडेल टी वापरलेली. 1908 ते 1927 या काळात तसल्या दीड कोटी गाड्या निघाल्या. त्या शेतकऱ्यांनी काय करावं? मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, त्याला पट्टा लावायचा, आणि त्यावर करवत चालवायची, धान्य भरडायचं, पाणी उपसायचं. बाजारात तर मॉडेल टीचा ट्रॅक्टर करायचे जोडसंचही मिळायचे. आपल्याकडे बुलेटच्या इंजिनावर कोळपं आणि पंपाच्या इंजिनावर छकडा करणारे आहेत ना, तीच जात.

लढाई संपता संपता, 1945 मध्ये, विलीजने नागरी जीप काढली. सीजे. त्यातला ‘सी’ म्हणजे सिव्हिलियन. गिऱ्हाईक कोण? पहिला शेतकरीच. पैसे देऊन मागे पीटीओ बसवून मिळायचा. जाहिरातीत एकाच गाडीने नांगरट, वाहतूक, यंत्र चालवणं आणि रविवारी बाजार, असं सगळं दाखवलेलं असायचं. ट्रॅक्टर म्हणून ती फार टिकली नाही, कारण खऱ्या ट्रॅक्टरपुढे तिचं वजनच कमी. पण शेतावरची गाडी म्हणून टिकली.

आपल्याकडे ती आली स्वातंत्र्याच्या आगेमागे. महिंद्रा आणि महंमद या नावाने 1945 मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी निघालेली कंपनी. त्यातले गुलाम महंमद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. त्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायला सुरुवात झाली. हळूहळू भागही इथेच बनू लागले.

पुढे 2 ऑक्टोबर 1952 ला सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, आणि खेड्यांत सरकार पोचलं ते बऱ्याचदा जीपमधून. आपल्या राज्यात 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. ‘बीडीओसाहेबांची जीप आली’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय ते आता साठीच्या पुढे असतील. धुरळा दिसला की पोरं पळत सुटायची, असं आण्णा सांगतात.

आमची जीप तसलीच. 1966 ची सीजे-3बी. या मॉडेलचं बॉनेट उंच असतं, कारण इंजिन उंच आहे. हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना. सरकारी नोकरीतून निवृत्त झाली तेव्हा 1977 मध्ये आबांनी लिलावात घेतली. गावात सगळे म्हणाले, म्हाताऱ्याने भंगार आणलं. आबांनी एक हिवाळा ती आंब्याखाली उभी करून खोलली. मिस्त्री तालुक्याहून फक्त तीन वेळा आला. बाकी सगळं आबा आणि तेव्हा कॉलेजात असलेले आण्णा.

हे त्यांना जमलं कसं? आबा हुशार होते, ते आहेच. पण दुसरं कारण असं की अमेरिकेत सीजे-3बी 1968 मध्ये बंद झाली, आपल्याकडे मात्र ती पुढेही बनत राहिली. त्यामुळे पॅकिंग, क्रॉस, ब्रेकची रबरं, वॉटर पंपाचं किट सगळं तालुक्याच्या दुकानात मिळायचं. जुनी गाडी घरी टिकते ती नुसत्या कौतुकाने टिकत नाही. भाग मिळतो म्हणून टिकते.

तिसरं कारण म्हणजे बघून कळणारी यंत्रणा. ही गाडी चालू होत नसेल तर दोनच प्रश्न. पेट्रोल येतंय का? ठिणगी पडतेय का? पेट्रोल येत नसेल तर पंपाची पडदी किंवा कार्ब्युरेटरमधला कचरा. ठिणगी नसेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. पॉइंटमधली फट 20 थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. प्लगची 30 थाऊ. आबांकडे फिलर गेज नव्हतं तेव्हा ते हॅक्सॉचं पान वापरायचे. ते साधारण 25 थाऊचं. पुस्तकातला आकडा नव्हे, पण गाडी घरी आणणारा आकडा. एअर फिल्टर तेलाचा, जुन्या ट्रॅक्टरला असतो तसाच. धुळीच्या दिवसांत वाटी काढायची, खाली बसलेला गाळ टाकायचा, नवं तेल रेघेपर्यंत भरायचं. उन्हाळ्यात पेट्रोलची नळी तापून आतच वाफ झाली आणि गाडी थांबली, तर पंपावर ओलं फडकं ठेवून दहा मिनिटं सावलीत बसायचं. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, वेढा घालायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर हँडल हातातून सुटून जातं, अंगठा मोडत नाही. हे आबांना एकदा मोडून कळलं.

आता बदलांचं. पेट्रोल 1973 नंतर महागलं, तेव्हा कितीतरी जणांनी जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवली. पुढे 1980 च्या दशकात कंपनीनेच प्यूजोच्या परवान्यावरचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन घातलेल्या जीप काढल्या. आबांनी मात्र इंजिन तेच ठेवलं. बदललं ते बाकीचं. डायनॅमो वारंवार जळायला लागला तेव्हा अल्टरनेटर आला. हौद्याचा तळ गंजून गेला, तेव्हा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाड पत्र्याचा नवा केला, आणि कांद्याच्या गोण्या घसरू नयेत म्हणून बाजूही चार बोटं उंच घेतली. त्याची आरसीवर नोंद आहे. 1993 मध्ये ब्लॉकला स्लीव्ह घातले.

हे मला पाठ आहे, कारण ते बॉनेटच्या आतल्या बाजूला लिहिलेलं आहे. आबांनी पांढऱ्या रंगाने, काडीने लिहिलेलं. सगळ्यात वर ‘1-3-4-2’, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम. मी पंधरा वर्षांचा असताना प्लगच्या दोन वायरी उलट्या लावल्या होत्या. गाडीने असा बार काढला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली. आबा चिडले नाहीत. बॉनेट वर करून बोट दाखवलं आणि म्हणाले, “लिहून ठेवलंय कशाला मग?” त्याखाली तारखा आहेत. क्लच, स्लीव्ह, हौदा, पाटे. 2004 पासून अक्षर आण्णांचं. शेवटच्या चार ओळी माझ्या.

जुन्या गाड्यांसाठी केंद्राने जुलै 2021 मध्ये नियम केले. 50 वर्षांपुढची गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. फी 20 हजार रुपये, 10 वर्षांसाठी. नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं येतात. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यात मोठा फेरबदल नको. शिवाय ती रोज रस्त्यावर वापरायची नाही. नियम वाईट नाही. कुणीही कसलाही सांगाडा आणून वारसा म्हणू नये म्हणून अशी अट लागतेच. संग्रहालयात जायच्या गाड्या तशाच जपायला हव्यात, आणि ते काम त्या पुण्याच्या गृहस्थांसारखी माणसं पदरमोड करून करतात.

पण आमची जीप त्या अटीत बसत नाही, आणि का बसत नाही ते मला या आठ दिवसांत कळलं. जी गाडी काम न करता उभी राहिली ती मूळ रूपात उरली. जी अठ्ठेचाळीस वर्षं गोण्या, बाळंतिणी, नवरदेव आणि एकदा अख्खी भजनी मंडळी घेऊन फिरली, ती बदलली. फोर्डचा भाग विलीजला बसवून पुढे निघायचं, हीच या गाडीची पहिल्या दिवसापासूनची रीत. त्या हिशोबाने वेल्डिंगवाल्याचा हौदा हा बिघाड नाही, तिच्या इतिहासाचाच भाग आहे.

परवा त्यांचा फोन आला. मी एकच विचारलं, “बॉनेटच्या आतलं लिखाण ठेवाल का?” ते प्रामाणिक माणूस. म्हणाले, “नाही ठेवता येणार. आतूनही मूळ रंग द्यावा लागतो.”

खोटं कशाला बोलू, पैशाची गरज आहे. चाळीवरचे पत्रे बदलायचेत. रात्री आण्णांशी बोललो. ते म्हणाले, “गाडी तुझी आहे, तू ठरव. पण माझ्याच्याने आता खाली झोपून काम होत नाही, हे धरून ठरव.” म्हणजे यापुढे ती ठेवायची तर तिच्याखाली मलाच झोपावं लागणार. पत्रे यंदा अर्धेच बदलू.

काल पॉइंट घासले, तेल बदललं, मागच्या ब्रेकची रबरं घातली. आण्णा खुर्चीवर बसून प्रत्येक नटाला सूचना देत होते. दर पाच वर्षांनी होतं तसं साधं नूतनीकरण करायला पुढच्या महिन्यात आरटीओला नेणार आहे. पास झाली तर पाचवी ओळ लिहीन.

तुमच्या गावात अशी जीप कुणाकडे असेल तर तिचं बॉनेट एकदा उघडून बघा. काही लिहिलेलं असेल तर फोटो काढून ठेवा.